अवग्रहाची जागा

आमच्या लिहिण्याच्या टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात कोरे कागद आहेत आणि ते कोरेच राहिले आहेत, कारण कागदावर लिहिणे आम्ही १९९८ सालीच सोडले. दुसऱ्यात औषधे आहेत. तिसऱ्या खणाला घरची मंडळी ‘उकिरडा’ म्हणतात. आम्ही त्याला ‘संग्रह’ म्हणतो. ज्यांची यंत्रे केव्हाच निजधामास गेली असे सहा चार्जर, टेलिफोनच्या तारेवरून महाजालात शिरताना किंकाळी फोडणारा एक मोडेम, चौसष्ट एमबीची रॅमची पट्टी (ती विकत घेतली त्या रात्री आम्हांला झोप लागली नव्हती), कशाला लागते हे विसरलेल्या नऊ वायरी, आणि काडेपेटीएवढी, दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस टाचण्यांचे तोंड असलेली एक राखाडी डबी. या डबीकडे आम्ही पुढे येणार आहोत.

संगणकवेडा हा प्राणी साहित्याच्या मंडळींना फारसा परिचित नसतो, म्हणून त्याची थोडी लक्षणे सांगणे भाग आहे. त्याला लेख लिहायचा असतो. त्यासाठी तो लेखनाचे सॉफ्टवेअर आणतो. ते नीट चालावे म्हणून यंत्र फॉरमॅट करतो. फॉरमॅट केल्यावर यंत्र थोडे मंद वाटते म्हणून तापकीर गल्लीत जाऊन एखादा सुटा भाग घेऊन येतो, तो बसवताना दुसरा मोडतो, आणि पहाटे तीन वाजता सर्व काही पूर्ववत चालू झाले की त्याला अपार कृतकृत्य वाटते. लेख राहतो. त्याबद्दल त्याला खेदही नसतो. पेन्सिलीला टोक काढण्यातच ज्याचा दिवस सुखाने जातो असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. तोच मोठा होऊन आम्ही झालो.

या प्राण्याला काही श्रद्धाही असतात आणि त्या वारकऱ्याच्या श्रद्धेहून ढळढळीत असतात. ‘नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरी’ ही पहिली. ‘एका प्रतीवर विसंबू नये’ ही दुसरी. आणि तिसरी, सर्वांत पवित्र: ‘साध्या मजकुराच्या फायलीला मरण नाही.’ सॉफ्टवेअर येतील, जातील, कंपन्या बुडतील. पण ज्या फायलीत ठळक-तिरपे, रंग, समास असला कसलाही साजशृंगार नाही, केवळ अक्षरांमागून अक्षरे आहेत, ती फाईल शंभर वर्षांनीही उघडेल. या तिसऱ्या श्रद्धेने आमचा घात केला. ती खोटी होती असे आम्ही अजूनही म्हणणार नाही. फाईल उघडली. तिला मरण आले नव्हते.

आमचे सर मराठी शिकवीत. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला आठवड्यातून तीनच तास येत असू; तरीही पुढे त्यांच्याकडे जाणे-येणे राहिले. सत्तरच्या दशकात, सुटीच्या दिवसांत, भोर तालुक्यातल्या गावांतून हिंडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या येत होत्या आणि बायकांचे मनगट सुटत होते, ही आनंदाची गोष्ट होती. त्याबरोबर गाणेही सुटत होते. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि सरोजिनी बाबरांचे खंड सरांच्या कपाटात होतेच. पण त्यांत आपल्या गावाकडचे नाही एवढ्याच कारणाने त्यांनी हे काम आरंभले होते. टेपरेकॉर्डर घेण्याची ऐपत नव्हती. पुण्यातूनच काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी पुढे लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रितही केल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता-ऐकता येतात. सरांकडे मात्र सात वह्या आणि एक शाईचे पेन होते. ओव्या अकराशेच्या आसपास.

आवाज नोंदवता येत नाही म्हणून सरांनी एक युक्ती केली होती. गाताना बाई जिथे स्वर लांबवी तिथे ते अवग्रह काढीत. संस्कृतात लोपलेल्या अकाराची खूण असणारे हे चिन्ह मराठीने लांबवलेल्या स्वरासाठी वापरायला घेतले आहे, हे वाचकांना आम्ही काय सांगावे. सरांच्या वह्यांत प्रत्येक ओवीत असे एकदोन अवग्रह होते, आणि एकच ओवी दोघींनी गायली असेल तर दोन ठिकाणी लिहिलेली, शब्द तेच पण अवग्रह निराळे. ‘शब्द सगळ्यांकडे सापडतील रे,’ ते म्हणत, ‘हे माझ्याकडेच आहेत.’

१९९९ साली आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, ‘सर, हे संगणकावर घेऊ.’

येथे खिळ्यांविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. देवनागरी छपाईच्या इतिहासात अक्षर आणि खिळा यांचे कधी जमले नाही. अक्षरे पन्नासेक, पण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून जुळाऱ्याच्या पेटीत शेकडो खिळे. म्हणून तर सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी करून ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांना रजा देण्याचा प्रयत्न केला. संगणक आला तेव्हा आम्हांला वाटले, आता खिळ्यांचा जाच संपला. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकातले बहुतेक मराठी फाँट म्हणजे खिळ्यांची पेटीच होती, फक्त शिशाविना. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी खिळे बसवलेले. यंत्राच्या लेखी तुम्ही इंग्रजीच लिहीत होता. फाँट नावाचा चष्मा चढवला की ते मराठी दिसे. त्यातही ‘म’ हे एक अक्षर नव्हेच. आधी अर्धा ‘म्’ आणि मग त्याला टेकू म्हणून काना. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून फायलीतही आधी. रफार डोळ्यांना नंतर दिसतो, म्हणून नंतर. आणि कोणत्या जागेवर कोणता खिळा, हे दर फाँटकंपनीचे वेगळे, जणू प्रत्येक छापखान्याने आपली स्वतंत्र बाराखडी काढावी.

यावर शहाण्यांनी उपाय काढला नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे मानक १९८८ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये निघाले होते. त्यात खिळ्यांना क्रमांक न देता अक्षरांना दिले होते. त्याच पायावर युनिकोडातली देवनागरी उभी राहिली, तीही १९९१ मध्येच. पण मानक असणे आणि दुकानातल्या यंत्रात असणे यांत आपल्याकडे दहा वर्षांचे अंतर सहज पडते. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला, आणि तो रेखणारे र. कृ. जोशी हे अक्षरकार तर होतेच, मराठीत दृश्यकविता लिहिणारे कवीही होते. एका कवीने काढलेले वळण कोट्यवधी पडद्यांवर गेले. गंमत अशी की त्या मराठी कवीच्या ‘मंगल’मधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, आणि आपण मराठी लोक पुढे कित्येक वर्षे आपल्याच भाषेची पत्रे त्या वळणात पाठवीत राहिलो.

१९९९ मध्ये आमच्याकडे यातले काहीच नव्हते. एका ओळखीच्या मुद्रकाकडून त्याचे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर आम्ही उसने आणले. त्याला चोरीपासून वाचवण्यासाठी एक कुलूप असे. ते प्रिंटरच्या तोंडात खुपसायचे आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीत. कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. वाचकांच्या लक्षात आले असेलच की हीच ती राखाडी डबी. ती परत करायची राहून गेली. मुद्रक पुढे धंदा बदलून रिअल इस्टेटमध्ये गेला आणि त्याने मागितलीही नाही.

आठ महिने आम्ही त्या सात वह्या टंकित केल्या. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘म्या’ हे रूप जसेच्या तसे राहिले पाहिजे अशी सरांची सक्त ताकीद होती आणि ती आम्ही पाळली. अडचण एकच आली. त्या फाँटात अवग्रह नव्हता. आम्ही सरांना न विचारता इंग्रजी फाँटातला मोठा ‘एस’ टाकला. दिसायला तंतोतंत. आजही कित्येक दिवाळी अंकांत अवग्रहाच्या वेषात हा ‘एस’ उजळ माथ्याने वावरत असतो. आम्हांला आमच्या कल्पकतेचे कौतुकच वाटले. सात वह्यांच्या सात फ्लॉपी झाल्या, त्यांवर आम्ही रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. सातवीवर सरांनी स्वतः लिहिले: ‘घरच्या’. त्यात त्यांच्या आईच्या ओव्या होत्या.

२००४ मध्ये आम्हांला तिसऱ्या श्रद्धेचा झटका आला. उसन्या सॉफ्टवेअरवर किती दिवस विसंबायचे? आम्ही सर्व फायली साध्या मजकुरात काढून घेतल्या, त्यांच्या तीन सीडी केल्या, एक सरांना दिली. साजशृंगार गेला, अक्षरे उरली, असे आम्ही समजलो. पुढच्या वर्षी सर मुलाच्या सदनिकेत राहायला गेले. सामान आवरताना त्यांचा फोन आला, ‘वह्यांचं काय करू रे? इथे जागा नाही, आणि दोन वह्यांना कसर लागलीय.’ आम्ही काय उत्तर दिले ते आम्हांला शब्दशः आठवते, आणि ते विसरता आले असते तर बरे झाले असते. आम्ही म्हणालो, ‘सर, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. तीन-तीन प्रती आहेत. द्या रद्दीला.’

त्यांनी दिल्या.

गेल्या पावसाळ्यात सरांचा फोन आला. वय आता शहाऐंशी. एका विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधासाठी ओव्या हव्या होत्या. ‘तुझ्या यंत्रातून काढून दे,’ ते म्हणाले. आमचा आनंद गगनात मावेना. सीडी उघडली, फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, टोप्या घातलेल्या स्वरांचा आणि पौंड-येनच्या चिन्हांचा पाऊस पडला. त्याने आम्ही घाबरलो नाही. उलट, हेच तर आमचे सुख! फाँटाचा नकाशा मिळवला, कोणता खिळा कोणते अक्षर याची कोष्टके केली, पायथॉनमध्ये एक परिवर्तक लिहायला घेतला. वेलांट्या उचलून व्यंजनामागे नेल्या, रफार पुढे आणले, टेकूचे काने काढून टाकले. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होऊन सह्याद्रीत एकदम समुद्र आला, तो परत लोटला. (युनिकोडात आपला हा ‘ऱ्या’ द्राविडी भाषांतल्या ध्वनीसाठी ठेवलेल्या ‘ऱ’च्या आधाराने उभा आहे. हा आधार चुकला की आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना जाते. महाविद्यालयीन वाचकांनी यात नुकसान कोणाचे ते ठरवावे.) पहाटे तीनला पहिली ओवी स्वच्छ मराठीत पडद्यावर उभी राहिली. पेन्सिलीला असे टोक आयुष्यात आले नव्हते.

मग पहिल्याच ओवीच्या मध्ये एक अर्धा ‘श्’ दिसला. कारण नसताना, शब्दाच्या शेवटी. पुढच्या ओवीत आणखी एक.

कारण कळायला फार वेळ लागला नाही. मान्य करायला लागला. त्या फाँटात ‘एस’च्या जागी अर्ध्या ‘श’चा खिळा होता. मूळ फायलीत मराठी मजकूर मराठी फाँटात आणि अवग्रहाचा ‘एस’ इंग्रजी फाँटात होता, म्हणून दोन्ही वेगळे दिसत. साध्या मजकुरात फाँट राहत नाही. साजशृंगार म्हणून आम्ही जो उतरवला त्यातच सरांचे अवग्रह होते. आता ‘एस’ म्हणजे कुठे अर्धा ‘श्’, कुठे टेकूसह पुरा ‘श’, आणि कुठे भोरच्या एखाद्या बाईने पहाटे लांबवलेला स्वर, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता. जिथे पुढे काना आला तिथे संशयच संशय: ‘श’ की ‘ऽ’ आणि काना? शिवाय बोलीतले शब्द, म्हणजे शब्दकोशाचीही साक्ष नाही.

मूळ फ्लॉपी सापडल्या. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणे थांबवले तेव्हा आम्ही त्यावर एक विनोदी टिपण लिहिले होते, ते आठवून लाज वाटली. सातांपैकी तिघींवर बुरशीची पांढरी नक्षी होती आणि त्यांत पाचवी, सहावी आणि ‘घरच्या’ होत्या. उरलेल्या चारांसाठी प्रिंटरचे जुने तोंड असलेले यंत्र हवे होते. माळ्यावरचा संगणक उतरवला. त्याच्या घड्याळाची बॅटरी संपली होती आणि त्याच्या मते ते साल १९९८ होते. आम्हांलाही ते मानायला आवडले असते. तिसऱ्या खणातून कुलूप काढले, खुपसले, आणि सॉफ्टवेअर उघडले. घरच्या मंडळींनी त्या दिवसापासून खणाला उकिरडा म्हणणे थांबवले आहे. चार वह्यांचे अवग्रह परत मिळाले.

उरल्या तीन. आमच्या एका तरुण मित्राने सुचवले की हल्ली मजकूर लिहिणारी जी बुद्धिमान यंत्रे निघाली आहेत त्यांना विचारावे. विचारले. त्या यंत्राने क्षणाचाही विचार न करता सर्व जागा भरून दिल्या. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या चरणाच्या शेवटी, अतिशय सुबक. चार वह्यांतल्या ज्या ओव्यांचे खरे अवग्रह आम्हांला ठाऊक झाले होते त्याही त्याला देऊन पाहिल्या. तिथेही त्याने तितक्याच सुबकपणे दुसरीकडेच भरले. त्याच्या आत्मविश्वासात आम्हांला १९९९ सालचे आम्ही दिसलो, म्हणून त्याला फार बोललो नाही.

शेवटी मोठ्या अक्षरांत छापून कागदच सरांकडे नेले. जिथे संशय तिथे चौकट. त्यांनी कागद पाहिले आणि विचारले, ‘ह्या खिडक्या कसल्या?’ आम्ही सगळे सांगितले, वह्यांच्या रद्दीसकट. ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मलाही तेव्हा वह्या ठेवता आल्या असत्या. जागा होती थोडी.’ आमची सुटका करण्यासाठी ते असे म्हणाले हे आम्हांला कळले, आणि त्याने सुटका झाली नाही.

मग ते गुणगुणू लागले. कान आता अधू झाले आहेत, पण हे ऐकायला त्यांना कान लागत नव्हते. उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. पाचवी आणि सहावी वही दुसऱ्यांच्या आवाजातली; तिथे ते पुष्कळदा थांबत, मान हलवून पुढे जात. ‘घरच्या’ आल्या तेव्हा आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आणि खिडक्या भराभर भरू लागल्या. थोड्या वेळाने आमच्या ध्यानात एक गोष्ट आली: स्वर लांबला की त्यांचा डावा हात किंचित पुढे होई. आम्ही विचारले. ‘दाणे टाकायचे ना,’ ते म्हणाले. ‘मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडेपर्यंत पुढचा शब्द यायचा नाही. म्हणून आई लांबवायची.’

आमच्यातला प्राणी तत्काळ जागा झाला. म्हणजे यात नियम आहे! किती फेऱ्यांनी मूठ लागते ते काढले, एका चरणाला किती फेरे ते मोजले, तर हिशेबाने प्रत्येक अवग्रह... आम्ही हे बोलूनही दाखवले. सरांनी आमच्याकडे, वाणिज्य शाखेच्या तीन तासांत पाहत तसे पाहिले.

‘नाचणी असली तर वेगळं, ज्वारी असली तर वेगळं,’ ते म्हणाले. ‘आणि शेजारी झोपलेलं पोर उठलं तर आणखी वेगळं.’

अंधार पडेपर्यंत बसलो. तिन्ही वह्या मिळून एकशे चौऱ्याऐंशी खिडक्या उरल्या. फाईल आता युनिकोडात आहे, अवग्रह खरा अवग्रह आहे, आणि उरलेल्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे. विद्यार्थिनीला तशीच दिली. तेव्हापासून दोन-चार दिवसांआड सकाळी सहाच्या सुमारास सरांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नसतात. ‘चारशे बारावी घे. दुसऱ्या शब्दानंतर आहे,’ एवढे सांगून ते फोन ठेवतात. आम्ही अंथरुणातूनच फाईल उघडून प्रश्नचिन्ह काढतो. काल पुन्हा फोन आला.

‘परवाची ती चारशे बारावी,’ ते म्हणाले. ‘तिथे नाही. काढून टाक.’